पाचव्या पानाचं देठ : आमच्या संशोधन केंद्राच्या नियामक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
नियामक मंडळ.

स. न. वि. वि.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात केंद्राच्या नोटीस बोर्डावर तुमचं परिपत्रक लागलं. ‘कर्मचारी प्रेरणा व समाधान योजना’, अंमलबजावणी १ जानेवारीपासून. दीड पान मजकूर, त्यात दर नमुन्याला गुण आणि महिन्याची क्रमवारी, खाली शिक्का. नमुने घेण्याच्या खिडकीवर बसणाऱ्या आमच्या मामांनी चष्मा वर-खाली करत ते शेवटपर्यंत वाचलं आणि मला विचारलं, “ताई, म्हणजे इतकी वर्षं आपण समाधानी नव्हतो का?” मी त्यांना काही बोलले नाही. हा प्रश्न तुमच्याकडेच पोचवावा असं वाटलं.

आधी रीतसर पोचवला. दोन अर्ज केले, दोन्हींवर आवक क्रमांक पडला. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं : ‘आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे.’ चोवीस वर्षं मी नोंदीच करते आहे, त्यामुळे नोंद घेणं आणि दखल घेणं यातला फरक मला कळतो. म्हणून हे पत्र चारचौघांत.

संस्थेचं नाव लिहीत नाही, माझंही लिहीत नाही. बदनामी करायची असती तर नाव पहिल्या ओळीत आलं असतं. नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्ष, कांदा, कुंभमेळा आणि हल्ली वाइन आठवते. इथे दिंडोरी रोडला १९५९ पासून ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, निफाडला गहू संशोधन केंद्र आहे, पिंपळगाव बसवंतला कांदा-द्राक्षाचं आहे, शिवाय खासगी प्रयोगशाळा कितीतरी, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. (यांपैकी कुठलंही आमचं नव्हे.) दर थंडीत पेपरात निफाडचा पारा छापून येतो. द्राक्ष बागायतदार धास्तावतात, बाकीचं नाशिक कपाटातले स्वेटर काढतं. तो आकडा आपोआप पेपरात येत नाही. कुंदेवाडीच्या त्या केंद्रात वर्षानुवर्षं कुणीतरी गारठलेल्या सकाळी तापमापकापाशी जाऊन तो वाचत आणि लिहून ठेवत आलेलं आहे. त्या माणसाचं नाव आजवर कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मी त्याच गोतावळ्यातली.

२००१ साली केमिस्ट्रीत बीएस्सी होऊन तुमच्याकडे लागले. माती, पाणी आणि पान-देठ परीक्षण. मंडळातले काही सदस्य बांधकाम आणि बँकिंग क्षेत्रातले आहेत, म्हणून देठाचं थोडं सांगते. द्राक्षाच्या वेलीला काय कमी पडतंय हे मातीपेक्षा पानाचं देठ जास्त खरं सांगतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, काडीत सूक्ष्म घडनिर्मिती चालू असताना, काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचं देठ घ्यायचं. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात घ्यायचं ते घडासमोरच्या पानाचं. पातं काढून टाकायचं, नुसतं देठ. ते धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून, दळून, आम्लात विरघळवून त्यातलं नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम मोजायचं आणि त्या आकड्यांवर शेतकरी हंगामाचं खत ठरवणार. आमचा आकडा चुकला तर त्याचे पैसे चुकतात.

आता २००८ च्या मे महिन्यातली एक गोष्ट सांगते. तुमच्या परिपत्रकाला माझं खरं उत्तर तेच आहे.

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावातून सोळा नमुने आले होते. सोळाही नमुन्यांत नत्र आणि पालाश भरपूर, आणि कॅल्शियम मात्र ओढगस्तीला. अहवाल टाइप करून टाकला असता तर कुणी विचारलंही नसतं, आकडे अगदी अशक्य नव्हते. पण त्यातल्या एका शेतकऱ्याने नमुना देताना खिडकीवर सांगितलं होतं की बागेत जुन्या पानांच्या कडा करपताहेत. ते तर पालाश कमी पडल्याचं लक्षण. मशीन म्हणतं पालाश भरपूर, वेल म्हणते नाही. मी पालाश मोजणारा फ्लेम फोटोमीटर पुन्हा लावून पाहिला, ज्यातलं प्रमाण आधीच माहीत असतं ते स्टँडर्ड पुन्हा केलं. आकडे तेच. रात्री घरी भाकऱ्या करताना डोक्यात आलं : पालाश वेलीत फिरतं, जुन्या पानातून कोवळ्या पानाकडे जातं. कॅल्शियम जिथे बसलं तिथे बसलं. नत्र-पालाश जास्त आणि कॅल्शियम कमी, ही कोवळ्या पानाची खूण आहे.

तेव्हाच्या आमच्या सरांना सकाळी सांगितलं. त्यांनी मान वरही न करता म्हटलं, “जा, बघून ये. एसटीचं तिकीट बिलाला लाव.” गेले. गावात नमुने काढून देणारा एकच मुलगा होता. ओलांड्याकडून, म्हणजे काडी जिथून फुटते त्या आडव्या फांदीकडून, पाचवं पान मोजायचं तर मांडवाखाली मान वाकडी करून उभं राहावं लागतं. हा हाताला येतील ती शेंड्याची पानं ओरबाडत होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, पण चार पानी पत्रक वाचतं कोण? मी आमच्या कागदी पिशवीवर बॉलपेनने काडी काढली, तळाकडून एक ते पाच आकडे घातले आणि पाचव्या देठाला गोल केला. सोळा बागांमधून नमुने पुन्हा घेतले. बहुतेक ठिकाणी पालाश कमी निघालं.

करपलेल्या कडांचं सांगणारा तो शेतकरी पुढच्या आठवड्यात आला आणि पहिल्या तपासणीचे पैसे परत मागू लागला. चुकलं तुमचं, म्हणाला. सरांनी दिले. मला वर्षभराचा बोनस मिळाल्यासारखं वाटलं. आज केंद्राच्या प्रत्येक पिशवीवर ते चित्र छापलेलं असतं. चित्रकाराने नंतर सुबक केलं, पण गोल मीच काढलेला आहे.

तो दिवस मी तुमच्या नव्या तक्त्यात भरून पाहिला. नमुने : शून्य. गुण : शून्य. पूर्वमंजुरीशिवाय केंद्राबाहेर : अर्धा दिवस बिनपगारी.

आता तक्रारी, एकेक करून.

पहिली, गुणांची. दर नमुन्याला एक गुण, शोधनिबंधाला पंचवीस, महिन्याअखेरीस व्हरांड्यात क्रमवारी. पहिल्या तिघांना रोख बक्षीस आणि फोटो, शेवटच्या तिघांना ‘समुपदेशन’. हे वाचायला छान वाटतं. पण दर दहा नमुन्यांमागे आम्ही एक नमुना पुन्हा करतो, दोन्ही आकडे जुळतात का ते बघायला. नमुना न घालता नुसतं आम्ल चालवून ब्लँक करतो. ठरलेल्या प्रमाणाचं स्टँडर्ड मधूनमधून घालून मशीन शुद्धीवर आहे का ते तपासतो. या कशालाच तुमच्या तक्त्यात गुण नाही, कारण यातून अहवाल बाहेर पडत नाही. आमच्यातलं कुणी चोर नाही, उद्यापासून कुणी खोटे आकडे लिहिणार नाही. पण मार्चमध्ये कुणीतरी घाईत एक डुप्लिकेट वगळेल. मेमध्ये स्टँडर्ड फक्त सकाळी लागेल. जूनमध्ये विचित्र आकडा दिसला तरी ‘जाऊ दे, पुढचा घे’ होईल. आणि व्हरांड्यातल्या तक्त्यात आमचा विभाग पहिला आलेला असेल.

२०१० साली युरोपात आपली द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्यामुळे. कितीतरी कीडनाशकांची तपासणी व्यवस्थित होत होती. हे यादीत नव्हतं. निर्यातदार बुडाले, बागायतदार बुडाले, त्याची झळ या जिल्ह्यातल्या किती घरांना लागली ते मंडळातल्या द्राक्षवाल्या सदस्यांना मी सांगायला नको. यादीतलं उरकण्यात यादीबाहेरचं दिसत नाही, इतकंच मला म्हणायचं आहे. आणि तुमची योजना म्हणजे आणखी एक यादी.

बक्षिसाने माणूस जास्त मन लावून काम करतो हेही सरसकट खरं नाही. मुक्त विद्यापीठातून मी व्यवस्थापनाची पदविका केली, त्या अभ्यासात एडवर्ड डेसी यांचा १९७१ चा प्रयोग होता. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांचं एक कोडं सोडवायला दिलं, काहींना सोडवल्याबद्दल पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर, मोकळ्या वेळात, पैसे घेतलेली मुलं त्या कोड्याला आधीपेक्षा कमी हात लावू लागली. गोडीने करायची गोष्ट मजुरीची झाली. तेव्हा मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. परिपत्रक वाचल्यावर समजलं.

दुसरी, फाटकावरच्या चेहरा ओळखणाऱ्या मशीनची. तीनदा उशीर झाला की अर्धा दिवस कापणार. कापा. पण आम्लात टाकलेला नमुना साडेपाचला ‘उद्या भेटू’ म्हणत नाही. तो संपेपर्यंत हॉटप्लेटजवळ थांबावं लागतं, मग कधी सात वाजतात, कधी आठ. त्याची नोंद हे मशीन ठेवतं का, असं मी विचारलं. साडेपाचनंतरची वेळ ‘सिस्टीम घेत नाही’ असं उत्तर मिळालं. सकाळची दहा मिनिटं घेते, संध्याकाळचे दोन तास घेत नाही. अशा सिस्टीमला घरी आम्ही काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

तिसरी, शनिवारची. ही मला सगळ्यांत जास्त लागलेली आहे.

जुन्या संचालकांनी शनिवारी दुपारी दोन ते पाच ही वेळ मोकळी ठेवली होती. ज्याला जो प्रश्न पडला असेल त्यामागे त्याने जायचं. शास्त्रज्ञ, तांत्रिक, माळी, सगळ्यांनी. अट एकच, महिन्यातून एकदा चहाच्या वेळी काय पाहिलं ते सांगायचं. तुम्ही ती वेळ ‘अनुत्पादक’ ठरवून नमुन्यांना जोडली. खरं सांगायचं तर त्या शनिवारांतून बहुतेक वेळा काहीच निघालं नाही. एकाने दोन वर्षं ठिबकच्या नळीतल्या क्षारांवर घालवली आणि शेवटी हात झटकले. पण तो माणूस सोमवारी कामावर यायचा ते प्रश्न घेऊन यायचा. पालाशचं वेलीत फिरणं मला रात्री भाकऱ्या करताना आठवलं, ते अशाच एका शनिवारी कुणाच्या तरी अर्धवट बडबडीत ऐकलेलं होतं.

आणि द्राक्षाच्या धंद्यातल्या माणसांनी तरी रिकाम्या नजरेला नावं ठेवू नयेत. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात कुठल्या प्रकल्पातून आली? तासगावकडच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या थॉमसन जातीच्या बागेत एक वेल वेगळी वागताना पाहिली आणि ती धरून ठेवली. सोनाका ही जात सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांच्या नजरेला पडली. त्यांच्या बागेत कुणी गुणतक्ता लावला नव्हता. घाईत चालणाऱ्याला हजार वेली सारख्याच दिसतात. वेगळी काडी दिसायला बागेत उभं राहावं लागतं. तेवढं उभं राहणं तुम्ही आमच्या हजेरीतून कापलंत.

चौथी, नावाची. पिशवीवरच्या चित्रातून पुढे नमुना घेण्याच्या पद्धतीवर एक निबंध झाला. त्यावर चार नावं आहेत. सोळा नमुने पाहणारीचं नाव त्यात नाही. शेवटी आभारात ‘प्रयोगशाळेतील कर्मचारीवृंद’ आहे. वृंद हा शब्द मला आवडतो, भजनी मंडळासारखा वाटतो, पण मी एकटी एसटीने गेले होते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला विव्हियन थॉमस नावाचा प्रयोगशाळा तंत्रज्ञ होता. हृदयदोषामुळे ऑक्सिजन कमी पडून निळ्या पडणाऱ्या बाळांवरच्या शस्त्रक्रियेची पद्धत त्याने प्रयोगशाळेत बसवली. १९४४ साली पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी तो सर्जनच्या पाठीमागे उभा राहून एकेक पायरी सांगत होता. शस्त्रक्रियेला जी नावं मिळाली त्यांत त्याचं नव्हतं. विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. मी स्वतःला त्याच्या पंक्तीला बसवत नाही. बत्तीस वर्षं लागू नयेत, एवढंच.

पाचवी, पदाची. मी २००१ साली तांत्रिक सहायक म्हणून लागले. आज तांत्रिक सहायक आहे. वरची जागा एकच आहे, तिथे बसलेले गृहस्थ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत आणि त्यांची तब्येत, देवाच्या दयेने, ठणठणीत आहे. म्हणजे जागा रिकामी झाली तर बढती, नाही तर नाही. काम कसं केलं याचा तिथे संबंध येत नाही.

हा प्रश्न या देशाने पन्नास वर्षांपूर्वी फार मोठी किंमत देऊन सोडवायला घेतला होता. १९७२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठांच्या विचारांना जुळेल अशी आकडेवारी गोळा होते, अशी तक्रार होती. संसदेपर्यंत गदारोळ झाला. सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद आपल्या साताऱ्याच्या, निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्याकडे दिलं. त्यानंतर १९७३ मध्ये कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळ आलं, १९७५ मध्ये कृषी संशोधन सेवा आली. त्या सेवेतली मोठी गोष्ट अशी की वरची खुर्ची रिकामी होण्याची वाट न बघता ठरावीक वर्षांनी माणसाच्या कामाचं मूल्यमापन करून त्याला पुढे नेता येऊ लागलं. सगळं सुरळीत झालं असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. पण संशोधनात बढती खुर्चीला बांधली की माणसं आतून सुकतात, हे १९७५ साली सरकारी खात्याला उमगलं होतं. आपली संस्था तर स्वायत्त आहे, नियम तुमच्याच हातात आहेत.

सहावी, अकरा महिन्यांच्या आदेशांची. आमच्याकडची सात मुलंमुली अकरा महिन्यांच्या करारावर आहेत. एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने. द्राक्षाचा प्रयोग एका बहाराने कळत नाही, दोन-तीन हंगाम तरी बघावे लागतात. ज्याला पुढच्या हंगामात आपण असू की नाही हे माहीत नाही, तो लांबचा प्रश्न हातात कशाला घेईल? दर जुलैत ही मुलं वेलीपेक्षा ऑफिसकडे जास्त बघत असतात. त्यांना प्रेरणेवर व्याख्यान देऊ नका. आदेश द्या.

पैशाचं आम्हाला काही नाही, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्याचा पगार बहुधा वेळेवर होत असतो. हर्झबर्ग यांनी १९५९ साली पिट्सबर्गच्या २०३ अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून मांडलं ते असं : पगार, नियम, साहेबाचं वागणं, बसायची जागा, ही वाईट असली की माणूस कुरकुरतो. ती सुधारली की कुरकुर थांबते, पण तेवढ्याने उभारी येत नाही. उभारी येते ती हातून काही घडलं यातून, ते कुणी ओळखलं यातून, जबाबदारी मिळाल्यातून, मुळात कामातून. यावर टीकाही झाली आहे की लोक यश स्वतःच्या खात्यात घालतात आणि अपयश साहेबाच्या, आणि मला ती टीका पटते, कारण मीही याच पत्रात थोडंफार तेच करते आहे. तरी मूळ मुद्दा उरतो. तुम्ही कुरकुरीची कारणं तशीच ठेवलीत आणि उभारीची होती ती काढून घेतलीत.

शिवाय हा हिशेबाचाही प्रश्न आहे. स्कॉट स्टर्न या अर्थशास्त्रज्ञाने २००४ मध्ये, पीएचडी झालेल्या जीवशास्त्रज्ञांना एकाच वेळी आलेल्या वेगवेगळ्या नोकऱ्यांच्या पगारांची तुलना केली. जिथे स्वतःचं संशोधन करायची आणि छापायची मोकळीक होती तिथला देऊ केलेला पगार कमी निघाला. म्हणजे शास्त्रज्ञ मोकळीक खिशातून पैसे देऊन विकत घेतात. आमच्या केंद्रात बाजारभावापेक्षा कमी पगारावर चांगली माणसं टिकली ती कशामुळे, हे आता तुमच्या लक्षात येईल. शनिवार काढून घेतलात, ठीक. मग उरलेला बाजारभाव द्या. गेल्या वर्षभरात तीन जण खासगी कंपन्यांत गेले, त्यातली एक माझ्या टेबलाशेजारची. तिला पगार किती वाढला ते मी विचारलं नाही. जाताना ती म्हणाली, “मॅडम, मोजणीच करायची तर जास्त पैशात करते.”

सातवी, वाचनालयाची. त्याचा मीटिंग हॉल झाला. पुस्तकं गोडाऊनमध्ये खतांच्या पोत्यांशेजारी आहेत. यावर जास्त लिहीत नाही, प्रकृतीला बरं नाही.

तुमची बाजूही मला दिसते. मागच्या जूनमध्ये आमचे अहवाल तीन आठवडे रखडले. तोवर खत देण्याची वेळ निघून गेली आणि शेतकरी चिडले ते बरोबर होतं. दोन जण सकाळी तोंड दाखवून कुठे जातात ते सगळ्या केंद्राला माहीत आहे. चार वर्षं पगार घेऊन एकही ओळ न लिहिणारे डॉक्टरेट आमच्याकडे आहेत. देणगीदारांना तुम्हाला आकडे दाखवावे लागतात. हे सगळं खरं आहे. पण त्या दोघांना बोलावून विचारायचं अवघड काम टाळून तुम्ही त्रेचाळीस जणांच्या तोंडासमोर मशीन लावलंत.

तर मागण्या अशा.

गुणतक्ता आणि व्हरांड्यातली क्रमवारी १ जानेवारीपूर्वी मागे घ्या. काम मोजायचंच असेल तर डुप्लिकेट, ब्लँक, स्टँडर्ड आणि चुकलेला अहवाल स्वतःहून परत घेणं हेही कामात धरा.

बक्षिसाची रक्कम वाटू नका. त्यातून नमुना नेमका कुठून आला ते पाहायला जाणाऱ्या माणसाच्या एसटीचं तिकीट द्या. वर्षाला प्रत्येक तांत्रिक कर्मचाऱ्याला दोन हंगामांत मिळून निदान चार बागा बघायला मिळाव्यात. आम्ही हजारो देठं दळतो आणि त्यांतली एकही वेल बघत नाही. आपल्या आकड्याचं पुढे काय झालं हे कळणं, यासारखी दुसरी प्रेरणा मला चोवीस वर्षांत सापडली नाही.

शनिवारचे तीन तास परत द्या. महिन्यातून एकदा मंडळाच्या एका सदस्याने तो चहा आमच्याबरोबर घ्यावा.

निबंधावर कुणाचं नाव जाणार हे काम सुरू होतानाच लिहून ठेवा, संपल्यावर नको.

दर पाच वर्षांनी तांत्रिक कर्मचाऱ्यांचं मूल्यमापन करा, बाहेरचा एक तज्ज्ञ बसवून. पात्र असेल त्याला वरची श्रेणी द्या, खुर्ची रिकामी असो वा नसो. मी सहा वर्षांत निवृत्त होईन. हे माझ्यासाठी मागते असं कुणाला वाटत असेल तर मला वगळून लागू करा.

कराराचे आदेश निदान तीन हंगामांचे काढा.

हजेरी मशीन ठेवायचं तर ठेवा, संध्याकाळचे तासही मोजायला लावा.

आणि या विषयावर निर्णय घ्यायच्या आधी एकदा आम्हाला विचारा. परिपत्रकाच्या शेवटी ‘कर्मचाऱ्यांशी सविस्तर चर्चेअंती’ असं छापलं आहे. ती चर्चा कुठे झाली? मामांना नाही, मला नाही, माळीकाकांना नाही, करारावरच्या मुलांना नाही. कुणाला बोलावलं होतं त्यांची यादी नोटीस बोर्डावर लावा, आम्ही आनंदाने वाचू.

या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून फुलोऱ्यातले नमुने यायला लागतील. खिडकीवर सकाळी नऊपासून रांग असते. मंडळाच्या कुठल्याही सदस्याने त्यातला एक दिवस निवडावा, दिवसभर माझ्या टेबलाशी बसावं आणि एक पिशवी उघडण्यापासून अहवाल टाइप होईपर्यंत बघावी. एका दिवसात होत नाही ते, दोन दिवस काढावेत. बैठक त्यानंतर घ्या.

कळावे,
आपली,
पान-देठ विभागातली एक तांत्रिक सहायक
नाशिक

ता. क. : उपकरणांच्या खोलीतला एसी ऑगस्टपासून बंद आहे. अर्ज तीन झाले. तिन्हींची नोंद घेतलेली आहे.